धुळीच्या आजाराची भरपाई : कामगाराने काय करावे?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही वाक्ये मागेपुढे केली आहेत.)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले. धम्मावर बोलायला इथे माझ्यापेक्षा अभ्यासू माणसे बसली आहेत. मी पडलो गिरणीतला कामगार. सातवी झाल्यावर शाळा सुटली, पुढचे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. म्हणून ज्यातले मला कळते त्यावरच बोलतो. विषय ऐकायला जड आहे. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने जो छातीचा आजार होतो त्याची नुकसानभरपाई कशी मागायची, हा तो विषय. काही जण म्हणतील, औंधात कुठे आली ॲस्बेस्टॉसची खाण? खरे आहे, नाही आली. आपल्या सातारा-सांगलीत काळा दगड, त्यात ते निघत नाही. पण आपली माणसे जिथे पोटासाठी गेली तिथे ते होते.

आपल्या खटाव-माणच्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो हे मी सांगायला नको. औंध संस्थान असतानाही आणि नंतरही, दुष्काळ आला की आपला माणूस मुंबईच्या वाटेला लागला. रहिमतपूरला गाडी धरायची आणि परळ-लालबागच्या एखाद्या गाळ्यात गाववाल्यांच्या वळकटीशेजारी आपली वळकटी टाकायची. ज्यांना गिरणीत बदलीचे कार्ड मिळाले ते कापसाच्या धुळीत गेले. ज्यांना नाही मिळाले ते घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या कारखान्यांत गेले. त्यातल्या काही कारखान्यांत मोटारीचे ब्रेक-लायनर व्हायचे, काहींत सिमेंटचे पत्रे. दोन्हींत कच्चा माल एकच, ॲस्बेस्टॉस.

हा पदार्थ म्हणजे मुळात दगडच. पण फोडला की त्याचे तंतू सुटतात, कापसासारखे. पिंजता येतात, त्यांचे सूत काढता येते, आणि ते सूत जळत नाही. म्हणून कारखानदाराला ते सोन्यासारखे. आपल्या देशात राजस्थानात, आंध्रात कडप्पाकडे पुलिवेंदुलाला आणि झारखंडात चाईबासाजवळ रोरोच्या डोंगरात त्याच्या खाणी होत्या. रोरोची खाण 1983 साली बंद झाली. कंपनी निघून गेली आणि उपसलेल्या कचऱ्याचे ढिगारे डोंगराच्या अंगावर तसेच टाकून गेली, खाली आदिवासींची शेते. 1986 पासून सरकारने नवीन खाणपट्टे देणे थांबवले आणि नंतर जुने वाढवून देणेही थांबवले. आता गंमत बघा. खाण धोक्याची म्हणून खाणीला बंदी, पण तोच माल रशिया-कझाकस्तानातून बोटीने आणायला बंदी नाही. जगातल्या साठाच्या वर देशांनी ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केले. आपल्याकडे पत्र्याचे कारखाने चालू आहेत. खाणीतल्या कामगाराची छाती आणि कारखान्यातल्या कामगाराची छाती सरकारच्या लेखी वेगवेगळी आहे की काय, कळत नाही.

आपल्या पडवीवर, गोठ्यावर हेच पत्रे आहेत. घाबरून जाऊ नका. पत्रा जागेवर धड आहे तोवर तो तंतू सोडत नाही. पण तो करवतीने कापणे, हातोड्याने फोडणे, झाडूने घासणे वाईट. काढायचाच झाला तर पाणी मारून, अख्खा उतरवा. त्याचा चुरा अंगणात भरावाला टाकू नका. आपल्याकडे सर्रास टाकतात आणि त्यावर पोरं खेळतात.

आता आजार. हा तंतू डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो. श्वासाबरोबर आत जातो, फुफ्फुसाच्या तळाला रुततो आणि विरघळत नाही. त्याच्याभोवती फुफ्फुस हळूहळू घट्ट होते, व्रण पडल्यासारखे. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोगही होतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा म्हणून एक कर्करोग आहे, तो बहुधा ॲस्बेस्टॉसनेच होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. पण मुख्य गोष्ट अशी की हा आजार लगेच दिसत नाही. वीस वर्षे, तीस वर्षे, कधी चाळीस वर्षेसुद्धा लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कारखान्याच्या जागी टॉवर उभा असतो, साहेब दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. भरपाईचा सगळा घोळ या वीस-तीस वर्षांत आहे.

आमच्या घरातलेच सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. 1976 साली मुंबईला एका ब्रेक-लायनरच्या कारखान्यात लागले. कारखान्याचे नाव घेत नाही, प्रकरण अजून कोर्टात आहे. त्यांचे काम मिसळण खात्यात. पोती फाडायची, भुसा यंत्रात ओतायचा. सुटी घेऊन गावी आले की आक्का त्यांचे कपडे अंगणात झटकायची आणि म्हणायची, "तुमच्या कंपनीत पीठ दळत्यात का वो?" तिला काय ठाऊक. आज डॉक्टर सांगतात की कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे.

1996 च्या सुमाराला त्यांना दम लागायला लागला. ज्या डोंगरावर पोरपणी शेळ्यांमागे पळायचे त्याच्या निम्म्या पायऱ्यांवर बसून राहायचे. कोरडा खोकला. दवाखान्यात सांगितले टी.बी. आहे. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टी.बी.च्या गोळ्या चालू. एकदा कोर्स झाला, फरक नाही, परत दुसरा कोर्स. मधल्या काळात 2001 साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावी आले. पुढच्या वर्षी जुन्या सोबत्यांनी निरोप धाडला, युनियनच्या तपासणी शिबिराला या. तिथे एका डॉक्टरने पहिल्यांदा विचारले, "काम काय करत होता?" छब्बीस वर्षांत हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरने विचारला नव्हता. एक्स-रे बघितला, फुंकायच्या यंत्रावर तीनदा फुंकायला लावले, पाठीला नळी लावून ऐकले, बोटांची टोके बघितली. ती ढोलाच्या टिपरूसारखी जाड झालेली. कागदावर लिहिले, ॲस्बेस्टॉसिस.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. धुळीत काम केलेल्या माणसाला दम लागत असेल तर डॉक्टर विचारो न विचारो, आपण होऊन सांगायचे: मी अमुक साल ते अमुक साल, अमुक खात्यात, अमुक धुळीत काम केले. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायचे. लिहीत नसतील तर विनंती करायची, नम्रपणे पण उठायचे नाही. पुढे सगळी केस त्या एका ओळीवर उभी राहते.

मुंबईत हे मोजले गेले आहे. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. तिथले डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान फेरोडोच्या कायम कामगारांची तपासणी केली. 2005 साली ती छापून आली. पूर्ण तपासणी झालेले 181 कामगार, त्यातल्या सुमारे 23 टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस. म्हणजे चौघांत एक म्हणायला हरकत नाही. आणि त्यांनी हेही लिहिले की साऱ्या देशात तोवर तीससुद्धा कामगारांना या आजाराची भरपाई मिळालेली नव्हती. कारणे काय, तर आजाराला टी.बी. नाहीतर ब्राँकायटिस म्हणून मोकळे होणे, डॉक्टरांना व्यवसायजन्य आजारांचे शिक्षण नसणे, आणि कामगाराकडे बघण्याची शिकल्या-सवरल्यांची नजर. ही शेवटची गोष्ट आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

या फेरोडोची धनीण विलायतेतली टर्नर अँड न्यूऑल. त्याच घराण्याची जुनी कंपनी टर्नर ब्रदर्स, रॉचडेल गावची. तिथे नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचे सूत कातायची. 14 मार्च 1924 ला ती वारली, वय 33. डॉ. कुक यांनी तिचे फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आजार सिद्ध केला, वैद्यकीय मासिकात छापला. कंपनीने तिला आजारपणात काही दिले नाही आणि मेल्यावरही नाही. एकीला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल, ही भीती. तिथल्या सरकारने 1931 साली नियम केले, भरपाई सुरू केली. म्हणजे दाजी पोती फाडायला लागले त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी ही धूळ मारते हे मालक लोकांना छापील माहीत होते. मुंबईत मात्र पोते फाडणाऱ्याला कुणी सांगितले नाही.

आता आपला कायदा. इथे थोडे सावकाश ऐका.

1986 साली अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. 27 जानेवारी 1995 ला निकाल लागला. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी तो लिहिला. कोर्टाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या घटनेत कलम 39 मध्ये लिहिलेले आहे की कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये. ते कलम कोर्टाने तिथे हाताशी घेतले. आणि पुढे आदेश दिले. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्याची नोंद कारखान्याने नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यातले जे उशिराचे असेल तोपर्यंत ठेवायची. हवेतले तंतू मोजायचे. कामगारांना विम्याचे संरक्षण द्यायचे. तपासणीत ज्यांना आजार निघेल त्यांना एक लाख रुपये. 2011 साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी मागणारा अर्ज सुप्रीम कोर्टाने मान्य केला नाही, पण 1995 चे आदेश पाळलेच पाहिजेत हे पुन्हा बजावले.

त्या 40 वर्षांच्या नोंदीचा आदेश हातात ठेवा. नोकरी सुटलेल्या कामगाराने कंपनीला रजिस्टर पत्र लिहून आपली आरोग्याची नोंद मागायची. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. न आलेले उत्तरसुद्धा कोर्टात पुरावा असतो, पोचपावती जपा.

भरपाईच्या वाटा दोन. एक, कामगार राज्य विमा, आपण ई.एस.आय. म्हणतो ते. याचा उगम थोडा सांगतो, कारण आपल्या पोरांना ठाऊक नसतो. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1943 च्या डिसेंबरात ते धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले होते. त्यांच्याच खात्याच्या काळात प्रा. अडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल करायला सांगितले, तो 1944 ला आला, त्यातून 1948 चा ई.एस.आय. कायदा निघाला. दुसरी वाट म्हणजे 1923 चा भरपाई कायदा, जिथे ई.एस.आय. लागू नाही तिथे. एका वेळी दोन्हींकडून भरपाई मागता येत नाही. विमा असेल तर विम्याकडेच जायचे.

दोन्ही कायद्यांच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि त्यात ॲस्बेस्टॉसिस, सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, तिन्ही होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गेले. रोगांची यादी संहितेतही तिसऱ्याच परिशिष्टात आहे. पण ज्यांचा आजार, ज्यांचा मृत्यू, ज्यांचा अर्ज आधीचा आहे त्यांचे वकील जुन्याच कायद्याची भाषा बोलतील. म्हणून जुना कायदा समजून घ्यायचा.

1923 च्या कायद्यात सगळ्यांत मोठा खड्डा मुदतीचा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. आजारात अपघाताची तारीख कोणती, तर आजारामुळे कामावर सलग गैरहजर राहिला तो पहिला दिवस. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर लक्षणे पहिल्यांदा सापडली तो दिवस. आता सांगा, ज्या आजाराला वीस वर्षे लागतात त्याला दोन वर्षांची मुदत! हे लिहिणाराने ॲस्बेस्टॉसचा कामगार बघितलेला नसणार. पण त्याच कायद्यात एक दरवाजा होता. पुरेसे कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतो. टी.बी. म्हणून उपचार चालू होते, खरा आजार अमुक तारखेला कळला, हे पुरेसे कारण आहे. त्यासाठीच ते टी.बी.चे केसपेपर फेकून द्यायचे नाहीत. चुकीचे निदान हीच आपल्या उशिराची साक्ष.

आणखी चार गोष्टी त्या कायद्यात आपल्या बाजूच्या होत्या. 1995 च्या दुरुस्तीनंतर कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तापुढेही दावा करता येई. मुंबईला हेलपाटे घालायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात चालते. दोन-तीन मालकांकडे तीच धूळ खाल्ली असेल तर सगळ्यांवर वाटून जबाबदारी. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक सुटत नाही. आणि चौथी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: भरपाईचा हक्क सोडून दिला असा कोणताही करार कायद्याने रद्दबातल. स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी "माझे काही येणे बाकी नाही" या कागदावर सह्या घेतात. दाजींचीही घेतली होती. माणसे त्या सहीला भिऊन घरी बसतात. भिऊ नका.

रक्कम किती? जुन्या कायद्याचे गणित सांगतो. जानेवारी 2020 पासून महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरला जाई. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, गुणिले वयाचा आकडा. पन्नाशीच्या माणसाचा आकडा 153.09. म्हणजे 7,500 गुणिले 153.09, झाले 11 लाख 48 हजार 175. जिवंत आहे पण कायमचा पूर्ण निकामी, तर साठ टक्के धरून 13 लाख 77 हजार 810. कमावण्याची ताकद तीस टक्के गेली असे डॉक्टरने ठरवले तर त्याचे तीस टक्के, 4 लाख 13 हजार 343. महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवली तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. कुणी दलाल येऊन "पन्नास हजारांत मिटवून टाकू" म्हणाला तर आधी हे गणित मांडा.

ई.एस.आय.मध्ये एकरकमी नाही, महिन्याची पेन्शन मिळते. आजार कामामुळेच का, हे स्पेशल मेडिकल बोर्ड ठरवते. दाजींचे तसेच झाले. 2002 ला निदान, 2005 ला बोर्डाने तीस टक्के अपंगत्व मान्य केले. मधली तीन वर्षे मी आणि आक्काचा थोरला मुलगा सुटी टाकून फेऱ्या मारत होतो. कधी फाईल सापडायची नाही, कधी बोर्डातले एक डॉक्टर रजेवर. एकदा दाजींना तीन जिने चढवून वर नेले आणि वरचा शिपाई म्हणाला, "आज बोर्ड नाही." दम लागतो की नाही हे त्या जिन्यावरच बोर्डाने बघितले असते तर तीन वर्षे वाचली असती. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील आहे, विमा न्यायालय आहे, हे त्यांच्या नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचा.

2017 साली दाजी गेले, घरीच. वय त्रेसष्ट. आणि इथे जे झाले ते मी मुद्दाम सांगतोय, कारण उद्या कुणाच्याही घरी होईल. ई.एस.आय.मध्ये कामगार कामाच्या आजाराने वारला तर विधवेला पेन्शन आहे, पूर्ण दराच्या पाचातले तीन हिस्से. आक्काने अर्ज केला. उत्तर आले, मृत्यू ॲस्बेस्टॉसिसने झाल्याचा पुरावा नाही. कारण मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले होते, हृदय व श्वसनक्रिया बंद पडून. आता सांगा, कोण माणूस हृदय आणि श्वास चालू ठेवून मरतो? पण कागद तो कागद. 2019 पासून आक्का विमा न्यायालयात आहे. पुढची तारीख पडते, ती एस.टी.ने जाते, बाकावर बसते, परत येते. वय सत्तरीला टेकले. मला म्हणते, "पैसं मिळत्याल तवा मिळत्याल, पर त्यांनी लिवून तर द्यावं का माझा माणूस कशानं मेला."

म्हणून दुसरी गोष्ट. निदान झालेला माणूस वारला तर दाखला देणाऱ्या डॉक्टरसमोर जुने कागद ठेवून मूळ कारणाच्या जागी त्या आजाराचे नाव लिहायला सांगायचे. त्याच दिवशी. मी समजू शकतो, घरात मयत असताना कागद कुठे शोधायचा. म्हणून भावकीतल्या एकाने ते काम अंगावर घ्यायचे. आणि त्याहून कठीण बोलतो, माफ करा. शवविच्छेदन करून फुफ्फुसाचा तुकडा तपासला तर त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. "मेल्यावर चिराफाडी कशाला" असे आपल्या आयाबाया म्हणतात, आमच्याही घरी म्हणाल्या. ते ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण आजारी माणूस शुद्धीत असताना त्यालाच विचारून ठेवावे, असे मला वाटते.

खाण कामगारांनी हे कसे केले त्याचे एक उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का आणि पेंगे या भागांत केप नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. काळ्या बाया हातोडीने दगड फोडून तंतू वेगळा करायच्या, पाठीला पोर बांधलेले. कंपनी 1979 साली तिथून निघून गेली. आफ्रिकेत वसूल करायला तिचे काही राहिले नव्हते. मग त्या लोकांनी दावा लावला कुठे, तर थेट लंडनला, मूळ कंपनीवर. कंपनी म्हणाली, खटला आफ्रिकेत चालवा. 2000 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले, कारण तिथे या गरिबांना वकीलच मिळणार नाही. शेवटी 2003 मध्ये तडजोड झाली. दावेदार सुमारे साडेसात हजार. वाटून आलेली रक्कम फार नव्हती आणि काही जण तोवर मरून गेले होते. तरी त्यातून आपण घ्यायचे ते हे की कारखान्याला कुलूप लागले म्हणजे मालक संपला असे नसते. पाटी बदलते, मालमत्ता कुठेतरी जाते. ती कुठे गेली ते शोधायला शिकलेल्या पोरांनी मदत करावी. हे काम मोबाईलवर होते, आम्हाला जमत नाही.

माझ्या गिरणीचे दोन शब्द. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात काम केलेल्यांना सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आठवडा सरेल तशी मोकळी होते. आम्ही त्याला सोमवारचा दम म्हणतो. हीच बिसिनोसिसची सुरुवात. मुंबईत के.ई.एम.चे डॉ. कामत यांनी गिरणी कामगारांत यावर पुष्कळ वर्षे काम केले. वर जे कागदाचे सांगितले ते सगळे यालाही लागू आहे.

आणि आपल्या भागातले गलाईवाले. खानापूर, आटपाडी, खटावची पोरे केरळपासून काश्मीरपर्यंत सोने-चांदी गाळायला जातात. तेजाबाचा धूर छातीत जातो. पण त्यांना मालक कोण? बरेच जण स्वतःच दुकानदार नाहीतर चुलत्याच्या दुकानात कामाला. चुलत्यावर दावा कोण लावणार? अशांसाठी सरकारी निधीच पाहिजे. राजस्थान सरकारने 2019 साली धुळीच्या फुफ्फुसरोगांसाठी धोरण केले. त्यात सिलिकोसिसच्या जोडीने ॲस्बेस्टॉसिसही धरला. प्रमाणपत्र मिळाले की तीन लाख, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख, मालक सापडो न सापडो. तिथल्या खाण कामगारांनी वर्षानुवर्षे धरणे धरून ते मिळवले. आपल्याकडच्या आमदार-खासदारांना हार घालताना हा कागद त्यांच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

आता कामाचे बोलून थांबतो. मी समितीला विचारले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर मी आणि आक्काचा मुलगा विहारात दोन तास बसणार. ज्यांच्या घरी मुंबईच्या कारखान्यातून, खडी-क्रशरवरून, सूतगिरणीतून आलेला आणि दम लागणारा माणूस आहे, त्यांनी यावे. वारला असेल तरी यावे. ट्रंकेत, माळ्यावर, देव्हाऱ्यामागे जे असेल ते शोधा: विमा कार्ड, फंडाची चिठ्ठी, पगाराची पावती, गेटपास, कंपनीने दिलेले घड्याळ असेल आणि त्यावर नाव कोरलेले असेल तर तेही. बरोबर काम केलेला सोबती हयात असेल तर त्याचा पत्ता लिहून आणा, त्याचे प्रतिज्ञापत्र करता येते. कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी ठेवा. एक्स-रे मात्र मूळच लागतो. त्याची घडी घालू नका, आणि कुठल्याही ऑफिसात पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

जय भीम.